पटावरचा पंधरावा

शाळेत मुलं भरपूर असली की मास्तराकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. वर्ग आवरता आवरताच दिवस जातो. मुलं कमी होऊ लागली की किस्से वाढतात. ठाण्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत मी बी.ए. होऊन लागलो, त्या वर्षी बाकं इतकी रिकामी होती की किस्से ठेवायला जागा पुरेना.

त्यातच खात्याचं पत्र आलं. तपासणीच्या दिवशी मॅट्रिकच्या वर्गात पंधरा मुलं हजर नसली तर वर्ग बंद. ज्याला पुढे कॉलेजात जायचं असेल त्याने मुंबईला जाऊन मॅट्रिक व्हावं.

ज्यांचे काका-मामा मुंबईत होते त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. पण त्याच वर्गात कोलशेतच्या मिठागरातला हरी होता. भूमितीचं कुठलंही प्रमेय त्याला दोनदा सांगावं लागत नसे, आणि अख्ख्या मुंबईत त्याच्या ओळखीचं एक माणूस नव्हतं. वर्ग बंद झाला म्हणजे हरी परत मिठात.

हेडमास्तरांनी पत्राची नीट घडी घातली. "बुडायचा तो वर्ग बुडणारच. आपण काय करणार?"

"बुडू द्यायचा नाही," मी म्हणालो.

"तुमचं लग्न व्हायचंय ना अजून?"

"हो. का?"

"नाही, तरीच."

*

आमची सगळ्यात जास्त मुलं पळवली ती आगगाडीने. मुलाला चार ओळी सुबक इंग्रजी लिहिता आलं की तो कल्याण स्टेशनात चिकटलाच म्हणून समजा.

एकदा मी वर्गात इंग्रजी अर्ज शिकवला. फळ्यावर झकास नमुना लिहिला आणि खाली सही म्हणून 'गणेश विनायक' असं सुचेल ते नाव टाकलं. दुसऱ्या दिवशी पाच जण गैरहजर.

मी तडक गाडी पकडून कल्याण गाठलं. स्टेशनमास्तरांच्या टेबलावर पाच अर्ज पडले होते. पाचही शब्दाला शब्द माझे. आणि पाचही अर्जांखाली सही गणेश विनायकची!

"आणि तरी तुम्ही पाचही जणांना ठेवून घेतलंत?" मी विचारलं.

"म्हणूनच घेतलं," स्टेशनमास्तर म्हणाले. "मला डोकं चालवणारा कशाला हवा? उतरवून काढणारा हवा."

तेव्हापासून मी अर्ज शिकवणं सोडलं. निबंध लिहून घेतो. निबंधाला कल्याणात गिऱ्हाईक नाही.

*

आगगाडीच्या तावडीतून वाचलेली मुलं बोहल्यावर जायची. एका मुलाचं लग्न ठरलं आणि वडिलांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. "स्थळ जमलं, आता शाळा कशाला?" असा त्यांचा सरळ हिशेब.

महिनाभराने डोंबिवलीचे एक गृहस्थ शाळेत आले. हेच ते मुलीचे वडील. जावई मॅट्रिकच्या वर्गात कसा शोभतो ते त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. मी त्यांना त्याचं बाक दाखवलं. "जावई इथे शोभायचे," मी म्हणालो. "महिन्यापूर्वीपर्यंत."

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आत मुलाचे वडील त्याला दंडाला धरून हजर.

"मास्तर, लग्न होईपर्यंत तरी याला पटावर ठेवा हो."

"ठेवतो. तुम्ही तो मॅट्रिक होईपर्यंत मुहूर्त काढू नका."

हेडमास्तरांनी मला बाजूला घेतलं. "अहो, तुम्ही मास्तर आहात की मध्यस्थ?"

"पंधरा होईपर्यंत दोन्ही," मी म्हणालो.

*

गावातले एक वकील आमच्या बक्षीस समारंभाचे कायमचे अध्यक्ष. भाषणही कायमचं: सरकारी शाळा ओस पडताहेत, लोकांना विद्येची चाड राहिली नाही, वगैरे. त्यांचा स्वतःचा मुलगा मुंबईच्या मिशन शाळेत.

त्या वर्षी मी समोरचं पहिलं बाक रिकामं ठेवलं आणि त्याला झेंडूचा हार घातला. भाषण रंगात आलं. "ही रिकामी बाकं पाहून माझं काळीज तुटतं!" वकीलसाहेब म्हणाले, आणि त्यांचं लक्ष त्या हाराकडे गेलं.

"हे कोणाचं?"

"आपल्या चिरंजिवांचं," मी म्हणालो. "ते येईपर्यंत राखून ठेवलंय."

हेडमास्तरांना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी दिसलं. पुढचं भाषण दोन वाक्यांत आटोपलं. चिरंजीव काही आले नाहीत. पण पुढच्या सोमवारी वकिलांचा भाचा आला. मी हार काढून त्याला तिथेच बसवला.

*

आमच्याकडे नंबराने बसायची पद्धत होती. उत्तर आलं की वर सरकायचं, चुकलं की खाली. हरी पहिल्या जागी जाऊन बसला तो हलेचना.

एक दिवस दोन पालक आले. गावातली जुनी, प्रतिष्ठित घरं. "आमची मुलं मिठागरवाल्याच्या खाली बसतात हे बरं दिसत नाही," त्यांनी सुनावलं.

"नाहीच दिसत," मी म्हणालो. "त्यांना वर सरकायला सांगा. वाट मोकळी आहे."

दोघांनीही आपापली मुलं काढून घेतली. सतरा होते ते बरोबर पंधरा राहिले. हेडमास्तर डोक्याला हात लावून बसले. "हरीला मागे बसवलं असतंत तर काय बिघडलं असतं? तुमचा बाणा पटावर मांडता येत नाही हो."

"हरीचं नाव मांडता येतं," मी म्हणालो.

आणि त्याच आठवड्यापासून हरी येईनासा झाला.

*

मीठ काढायचे दिवस आले होते. हरीचे वडील नागो मिठागरात राबायचे, शिवाय खाडीत होडी चालवायचे. मीठ तयार झालं की त्यांना मुलाचे हात हवे असत. मी त्यांना गाठायला कोलशेतला निघालो. बांधावरून मोठा वळसा पडत होता आणि खाडी कोरडी दिसत होती. म्हणून मधून घुसलो, आणि मांडीपर्यंत चिखलात रुतलो. थोड्याच वेळात पाणी चढू लागलं.

बांधावर नागो उभे होते. त्यांना घाई दिसत नव्हती.

"मास्तर, पानी वाढतंय."

"दिसतंय मला!"

"कालेजात भरती-ओहोटी शिकवीत नाय?"

"शिकवतात. चंद्राच्या आकर्षणाने होते."

"मंग बोलवा चंद्राला. त्यो काढील बाहेर."

शेवटी त्यांनीच फळी टाकून मला बाहेर ओढलं. पाय धुता धुता म्हणाले, "उद्या याच जागी पानी दोन घटका उशिरा यनार. परवा चार घटका. चाळीस वर्सं बघतोय, एकदा चुकलो नाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. पुढच्या गुरुवारी खात्याचे तपासनीस डेप्युटीसाहेब भिवंडीची शाळा तपासून खाडीतून येणार. अकराच्या ठोक्याला वर्ग मोजणार आणि लगेच दुपारची गाडी धरणार. हरी नसेल तर चौदा. चौदा म्हणजे वर्ग बंद.

"गुरुवारी मीठ भराचं हाय," नागो म्हणाले. "पोऱ्या सकाळी मोकला नाय. आन साहेबाला आनाला माझीच होडी सांगितलीय, म्हंजे मीपन नाय."

"मग हरीचं काय?"

त्यांनी फळी खांद्यावर टाकली आणि बांधावरून चालू लागले.

*

गुरुवारी अकराला वर्गात चौदा मुलं होती. डेप्युटीसाहेब नव्हते. बारा वाजले, दुपारची गाडी शिटी मारून गेली, तरी नाहीत. हेडमास्तर दर पाच मिनिटांनी दारात जाऊन येत होते.

एक वाजता हरी आला. पोटऱ्यांवर मीठ वाळलेलं, हातात पुस्तकं. मी ओरडलोच, "अरे, अकराची वेळ होती ना?"

"बाबा म्हणाले, सगळं मीठ भरून मग जा. धावू नको."

तो पहिल्या जागी जाऊन बसला.

तीन वाजता डेप्युटीसाहेब आले. गुडघ्यापर्यंत चिखल, पगडी वाकडी, पाठीमागे त्यांची पेटी डोक्यावर घेतलेले नागो. साहेबांनी हजेरीबुक उघडलं, बोटाने डोकी मोजली, पुन्हा मोजली. पंधरा. हरीला उभं करून प्रमेय विचारलं, ते त्याने सोडवलं. 'वर्ग चालू ठेवावा' असा शेरा लिहून त्यांनी सही केली, आणि मग मागे वळून नागोंवर फुटले.

"चार तास! भर खाडीत, चिखलात! चाळीस वर्षं होडी चालवतोस म्हणालास ना? मग ओहोटी कधी लागते एवढंही कळत नाही तुला?"

नागोंनी पेटी खाली ठेवली आणि हात जोडले.

"मना काय ठावं, सायेब? मी कुठं शाला शिकलोय?"