मुद्दाम चुकवलेले सूर

शरद मेस्त्री यांचे गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी सहा वाजता, कोथरूडच्या राहत्या घरी निधन झाले. वय एक्क्याऐंशी. ते माझे मामा. कसबा पेठेतल्या दुकानात साठ वर्षे त्यांनी हार्मोनियम दुरुस्त केल्या. काम संपले की पेटीच्या आतल्या लाकडावर ते पेन्सिलीने नाव आणि गाव लिहीत. शेवटचे काम मात्र हार्मोनियमचे नव्हते.

त्यांची मुलगी अर्चना अमेरिकेत क्लीव्हलंडला असते. तिचे शेजारी फ्रँक. त्यांचे आजोबा स्लोव्हेनियातून तिथल्या पोलाद कारखान्यात कामाला आले ते बटणांचे अकॉर्डियन घेऊन. स्लोव्हेनियन कामगारांनी तिथे स्वतःचा हॉल बांधला. समूहगान, लग्ने, पोल्का नाच, सगळे त्याच हॉलमध्ये, आणि आजोबा वाजवायला. पुढे आतल्या सूर देणाऱ्या पोलादी पट्ट्या गंजल्या, वाद्य मुके झाले. तिकडच्या दोन कारागिरांनी हात टेकले. फ्रँक ऐंशीचे झाले होते, बोटे आखडू लागली होती आणि आजोबांचे वाद्य त्यांना त्या हॉलमध्ये एकदा वाजवायचे होते. सुट्टीला येताना अर्चना ते पुण्याला घेऊन आली. मामांनी भाता उघडून पाहिला. "आपल्याच पेटीची मावशी आहे," म्हणाले, "फक्त हिला मांडीवर बसायची सवय आहे."

गंज काढून, काही पट्ट्या नव्या घडवून त्यांनी ते दीड महिन्यात बोलते केले. प्रत्येक स्वराच्या दोन पट्ट्या असतात. हार्मोनियमच्या सवयीने त्यांनी त्या तंतोतंत एका सुरात जुळवल्या. व्हिडिओ कॉलवर फ्रँक यांनी ऐकले. सूर अगदी बरोबर असल्याचे त्यांनी सांगितले, पण हा आजोबांचा आवाज नव्हे, असेही सांगितले. त्या आवाजाला थरथर हवी होती. त्यासाठी दोनपैकी एक पट्टी किंचित चढी ठेवावी लागते.

"साठ वर्षं सूर जुळवले, आता बिघडवायला शिकू?" मामांनी अर्चनाला विचारले.

"बाबा, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगते त्यांना."

मामांनी आजोबांची जुनी टेप मागवली. चार दिवस ते फक्त ऐकत होते. पाचव्या दिवशी कानस घेऊन त्यांनी एकेका जोडीतली एक पट्टी केसभर चढवली.

यंदा एका शनिवारी संध्याकाळी ते वाद्य क्लीव्हलंडच्या हॉलमध्ये वाजले. पुण्यात तेव्हा रविवारची पहाट होती. मामा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसले होते. मी शेजारी होतो. पहिल्या पोल्काला अख्खा हॉल उठला. म्हाताऱ्यांनी काठ्या खुर्च्यांना टेकवल्या. फ्रँक यांनी सलग चाळीस मिनिटे वाजवले. मामांचा अंगठा टेबलावर ठेका धरत होता... शेवटी ते एवढेच म्हणाले, "थरथरतंय बरोबर."

मामा गेल्याचे कळल्यावर फ्रँक यांनी वाद्य उघडले, आतल्या लाकडाचा फोटो काढला आणि हे काय लिहिले आहे, असे अर्चनाला विचारले. दिवसकार्यासाठी आली तेव्हा तिने तो मला दाखवला. अक्षर मामांचेच आहे : "शरद मेस्त्री, कसबा पेठ, पुणे. सूर मुद्दाम चुकवले आहेत. शहाण्याने हात लावू नये."