खालचा थर

कुसाबाई पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडायची. कात्रीच्या टोकानं सडका मणी काढायचा, घड पेटीत लावायचा. तपासणारा आला की वरचे घड बाजूला ठेवी आणि तळातला हातात घेई. वर चांगला माल लावून खाली वाईट दडवणारीला तो पुन्हा बोलावत नसे. कुसाबाईला मात्र दर हंगामाला निरोप यायचा.

नवरा गेल्यावर दीर तिला घराबाहेर काढायला निघाला. नाशिकच्या एका संस्थेनं तिला फुकट वकील दिला, सुनील. "तुम्ही यायची गरज नाही," तो म्हणाला, म्हणून तारखेला ती कामावर गेली. तोही कोर्टात गेला नाही. घरासाठी तिनं लावलेला दावा गैरहजेरीत निकाली निघाला.

दोन हजार दोन साली संस्थेची तपासणी लागली. पुण्याहून वकील तेजस्विनीबाई आल्या. संस्था चालू ठेवायची की बंद, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. संस्थेचा चिटणीस ललितनं बैठकीत दावे जिंकलेल्यांना पुढं बसवलं. कुसाबाईला म्हणाला, "मावशी, मागंच बसा. संस्था बंद पडली तर तुमचा दावा पुन्हा उभा कोण करील?"

पुढच्या रांगेनं भरभरून कौतुक केलं. तेजस्विनीबाईंनी एक अक्षर लिहिलं नाही.

"हरलेलं कुणी आहे का?"

ललित पंख्याकडं बघू लागला. घर डोळ्यांपुढं आलं, तरी कुसाबाई उठली.

"मी हाय. वकीलसाहेब तारखेला आलेच नाय."

"मग आज पुन्हा इथंच का?"

"दुसरीकडं फुकट कोण देतंय वकील?"

सुनील उभा राहिला. "खरंय. दुसऱ्या कोर्टात अडकलो. माझ्या जागी जायला कुणी नव्हतं."

बाईंनी आता पेन उघडलं. संस्थेला सहा महिन्यांची मुदत मिळाली. तोवर नवी प्रकरणं घ्यायची नाहीत, जुन्या प्रत्येक प्रकरणाला दोन वकील हवेत.

बाहेर ललित चिडला. "मावशी, स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलात."

"मारला तर मारला. पाय माझाच हाय."

दावा पुन्हा सुरू करण्याच्या अर्जावर तारीख पडली. कुसाबाई पहिल्या एसटीनं कोर्टात पोचली. सुनील आधीच बाकावर होता, शेजारी नवा वकील यादव. सुनीलकडं तिनं पाहिलंही नाही. यादवला म्हणाली, "माझा दावा कसला, सांगा बरं."

त्यानं सांगितलं. दिराचं नाव तेवढं चुकलं. तिनं ते त्याला पुन्हा म्हणायला लावलं, मग बाकावर बसली.

त्या दिवशी अर्ज मंजूर झाला.