एका दमातली रेघ

बसच्या अंगावर पुढच्या दारापासून मागच्या टोकापर्यंत जी रंगाची पट्टी जाते, ती हाताने मारणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. त्यातला पहिला मी. दुसरा माझा धाकटा भाऊ, आणि त्याला मीच घडवला. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण सरळ रेघ काय असते ते मला कुणी शिकवू नये.

वडील गेले तेव्हा धाकटा एकोणीस वर्षांचा होता. त्याला मी बसच्या बॉडी बांधायच्या कारखान्यात आणला. रंगखात्याचा मुकादम मीच. पहिल्या दिवशी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पोट आत, छाती वर. आणि ब्रश पत्र्याला लागला की श्वास बंद. श्वास हलला की खांदा हलतो, खांदा हलला की रेघ मध्येच फुगते. श्वास सुटला तिथे जोड द्यायचा, आणि जोड दिसला तर माझ्या शिव्या खायच्या. माझा एक दम नऊ फुटांचा. बाकी कुणाचा सहाच्या वर गेला नाही. तिसऱ्या वर्षी धाकट्याने अकरा मारले. मी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, रक्त कुणाचं आहे बघा.

उभा राहायचा तो असा, की पाठीला फळी बांधलीय. लोक त्याला सरळ्या म्हणायला लागले. घरी जेवायला बसला तरी खांदे कानाला टेकलेले. त्याची बायको एकदा म्हणाली, "दादा, हे भाजी चिरतानासुद्धा श्वास घेत नाहीत. मी नुसती बघत बसते, आता घेतील, मग घेतील."

"कलाकार आहे तो," मी म्हटलं. "तुला नाही कळायचं."

बावीस वर्षं अशी गेली. आधी त्याची मान धरायला लागली, मग कंबर. मी त्याला रुंद कंबरपट्टा आणून दिला आणि स्वतःच्या हाताने दोन भोकं जास्त आवळला. मग एका सकाळी, चालू रेघेत, सातव्या फुटावर त्याची पाठ अडकली. ब्रश खाली घसरला, पिवळ्या पत्र्यावर लाल ओघळ. पत्र्याला हात लावून तो तसाच उभा राहिला. ना पुढे, ना मागे.

"दादा," तो म्हणाला, "माझी रेघ गेली."

कंबर गेली असं नाही म्हणाला. रेघ गेली म्हणाला. दुसरं काही त्याला येतच नव्हतं, आणि नकोही होतं.

दवाखान्यात त्याला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी आधी पट्टा सोडला, त्याला उताणा झोपवला, पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या श्वास." खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताणल्या, पोट जागचं हललं नाही.

"फासळ्यांच्या खाली छत्रीसारखा एक स्नायू असतो, श्वासपटल," बाई म्हणाल्या. "श्वास घेताना तो खाली उतरतो, पोट पुढे येतं आणि कण्याला आतून टेकू मिळतो. तुमचा नीट उतरतच नाही. त्याचं काम मान करतेय, खांदे करतायत, कंबर करतेय. दुखणार नाही तर काय होईल? असं पोट ओढून, श्वास कोंडून काम करायला कुणी शिकवलं?"

धाकटा छताकडे बघत राहिला. माझं नाव घेतलं नाही त्याने.

"मी शिकवलं," मी म्हटलं. "आणि याच्यासारखी रेघ आख्ख्या शहरात कुणी मारत नाही."

"मग पुढच्या वेळी तुम्हीही झोपा टेबलावर," बाई म्हणाल्या.

मी परत गेलो नाही. धाकटा जात राहिला. कारखान्यात त्याला तोवर बसून करायचं हलकं काम दिलं होतं; जेवणाच्या सुट्टीत जमिनीवर पडायचा, पोटावर रंगाचा छोटा डबा ठेवायचा आणि श्वासाने तो वरखाली करायचा. पोरं हसायची. "सरळ्या, कितवा महिना?" तोही हसायचा. हसायला लागला होता, हेच मला खटकायचं. चार महिन्यांनी तो वाकून बूट बांधायला लागला.

मग एका दुपारी त्याने भंगारातला लांब पत्रा उभा केला. पोट सैल, खांदे खाली, श्वास हळूहळू बाहेर सोडत रेघेबरोबर चालत गेला. चौदा फूट. जोड नाही.

कुणीतरी शिट्टी मारली. जुना वेल्डर म्हणाला, "मुकादम, म्हणजे इतकी वर्षं आपण उगाचच गुदमरत होतो की काय?"

सगळे हसले. धाकटा नाही हसला. तो माझ्याकडे बघत होता, मी काही बोलतो का ते.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "सरळ्याला रेघेवर परत घ्यायचा ना?" माझ्या शब्दावर होतं सगळं.

मी म्हटलं, "नको. त्याच्या कंबरेचा भरवसा नाही."

त्याला पुट्टी घासायला लावलं. भांडला नाही तो. माझाच दिलेला पहिला ब्रश धुतला, तेलकट कागदात गुंडाळला आणि माझ्या टेबलावर ठेवला. आठ दिवसांनी दुसऱ्या कारखान्यात गेला. त्याची बायको माझ्या घरी आली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"त्यांची कंबर बरी झाली होती. तुम्हाला माहीत होतं, दादा."

"माहीत होतं," मी म्हटलं. खोटं मी बोलत नाही.

याला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात थांब्यावर एक नवी बस येऊन उभी राहिली. निळी पट्टी. पुढच्या दारापासून मागच्या टोकापर्यंत मी जोड शोधत गेलो. सापडला नाही. बस सुटली तेव्हा कळलं, मीच श्वास धरून ठेवला होता. पिशवी उचलायला वाकलो आणि कंबरेत अशी कळ आली की एका अनोळखी माणसाने कोपराला धरलं.

"काय झालं काका?"

"ती रेघ माझ्या भावाने मारलीय," मी म्हटलं. "मी शिकवलं त्याला."

तो बिचारा रेघ कुठली, ते शोधत राहिला.

घरी दाराला आतून कडी लावली, जमिनीवर झोपलो, पोटावर डबा ठेवला. बराच वेळ पडून राहिलो. खांदे हलतात, डबा हलत नाही. कसं करायचं ते धाकट्याला विचारलं तर सांगेल तो. नाही म्हणणार नाही. म्हणूनच विचारत नाही.