बसायची जागा शोधणारी मुलगी

सराफ्यातल्या दुकानांत मी दुपारचे डबे पोचवते. तिथे एक मुलगी मला तीन दिवस दिसत होती. दागिन्यांकडे बघायचीच नाही. थोडं चालायची, थांबायची, दुकानांच्या पायऱ्या निरखून वहीत लिहायची. काय लिहिते ते विचारायचं मनात होतं, पण धीर होईना. शेवटी तीच म्हणाली, "काकू, इथे जरा वेळ कुठे बसू देतात का?"

ती युनिव्हर्सिटीत इव्हेंट मॅनेजमेंट शिकत होती, त्यात टूरिझम. परीक्षेत पाहुण्यांना राजवाड्यापासून पायी फिरवायचं होतं. मागच्या वेळी एका आजींना चक्कर आली आणि ही नापास झाली.

"दाखवतात तो सब लोग, काकू. बसवत कोणीच नाही!" ती हिंदी मिसळत म्हणाली.

फिरवायचंही शिकावं लागतं, हे मला नवीनच होतं. मी तिला गल्लीतल्या एका बंद दुकानाचा ओटा दाखवला. डबे देऊन झाले की मी तिथे टेकते.

सोमवारी गेले, तर ओट्यावर दहा पाहुणे बसलेले. ती पाणी देत होती, तिचे सर कागदावर काही लिहीत होते. मला टेकायला जागा नव्हती. मी समोर उभी राहून सरांचं अक्षर लांबून वाचता येतं का, ते बघत राहिले.