रकानेसाहेबांचे जपानी

रकानेसाहेब प्रश्न विचारण्याआधी उत्तर लिहीत असत. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. समोरचा माणूस खुर्चीत बसून कोटाची बटणे सोडीपर्यंत त्यांच्या तक्त्यातला 'आवडता पदार्थ' हा रकाना पेन्सिलीने भरलेला असे. मग ते मान वर करून, अतिशय गोड हसून, त्यांच्या त्या खणखणीत इंग्रजीत विचारीत, "तर मग, तुम्हांला काय आवडतं?" पुण्याच्या शाळेत चौदा वर्षे मराठी आणि भूगोल शिकवताना शेजारच्याचे उत्तर चोरणारी मुले मी पुष्कळ पाहिली होती. समोरच्याच्या तोंडातले उत्तर काढून तिथे स्वतःचे बसवणारा प्रौढ गृहस्थ मात्र मला लंडनच्या क्रॉयडन भागातच भेटला.

त्यांचे खरे मराठी आडनाव अर्थातच वेगळे होते. हे नाव मी ठेवले आणि माझ्या नवऱ्याने ते घरात रूढ केले. साहेब राहायला लंडनच्या दुसऱ्या टोकाला, पिनरला होते आणि संध्याकाळी क्रॉयडनमध्ये, ट्रामच्या थांब्याजवळच्या एका दुकानावरच्या दोन खोल्यांत, परदेशी लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग चालवीत. साल २००५च्या आसपासचे. शिकायला येणारे बहुतेक जपानी: काही विद्यार्थी, काही कंपन्यांतले नोकरदार, एकदोन वृद्ध. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे मी या देशात आले होते आणि आठवड्यातल्या तीन संध्याकाळी साहेबांची मदतनीस म्हणून काम करीत होते. घराजवळच्या प्राथमिक शाळेत वर्गसाहाय्यिकेची जागा निघाली होती. माझ्या कामाबद्दल इथल्या कोणीतरी लेखी शिफारस केली, तरच माझा विचार होणार होता. आणि इथे मला ओळखणारे रकानेसाहेब एकटेच. ही गोष्ट त्यांना पुरती ठाऊक होती. मी विषय काढला की ते म्हणत, "देऊ की, बाई. आधी आपला रिपोर्ट होऊ दे."

रिपोर्ट म्हणजे त्यांचे महान संशोधन. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या जपानी माणसांना दोन प्रश्न विचारायचे: आवडता पदार्थ कोणता आणि आवडता शब्द कोणता. वयाचे तीन गट: विशीतले, चाळिशीतले आणि पासष्टीच्या पुढचे. कल्पना वाईट नव्हती. उलट, एखाद्या चांगल्या शिक्षकाला सुचावी अशी होती. दोष इतकाच, की ती ज्याला सुचली त्याला उत्तरांचे कुतूहल नव्हते. विशीतल्यांनी बर्गर खावा, चाळिशीतल्यांनी सुशी आणि वृद्धांनी मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, सूप प्यावे, हे त्यांनी पिनरहून येताना गाडीतच ठरवलेले असे. स्वतः साहेबांनी यांतला एकही जपानी पदार्थ चाखला नव्हता. एका मुलीने आणलेला भाताचा गोळा त्यांनी नाकाजवळ नेला, "व्हेरी इंटरेस्टिंग" असे म्हटले आणि माझ्या टेबलावर ठेवून दिला. मी तो खाल्ला. चांगला होता.

पहिला आला एकोणीस वर्षांचा केन्जी. त्याला आवडे आजीच्या हातची तांदळाची पेज आणि तिच्यावर एक खारवलेले आंबट प्लम. आवडता शब्द विचारल्यावर त्याने 'नात्सुकाशी' हा शब्द सांगितला. जुने काहीतरी अचानक समोर आले आणि जीव सुखावला, की जपानी माणूस असे म्हणतो. साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. केन्जी गेल्यावर मला म्हणाले, "एकोणीस वर्षांच्या पोराला कसली आलीय जुनी आठवण? काढा ते. 'प्रयत्न' असा अर्थ असलेलं काहीतरी टाका. आणि बर्गर."

चाळिशीतल्या मोरीसाहेबांनी तर त्यांना दुखावलेच. मोरीसाहेबांचा आवडता पदार्थ होता करी-भात. जपानमध्ये तो घरोघरी होतो, मुलांना शाळेतही मिळतो, असे ते बिचारे मनापासून सांगत होते.

"करी आपली!" साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. "ती यांची कशी? लिहा सुशी."

मोरीसाहेबांचा आवडता शब्द होता 'ओसाकी नी'. सहकाऱ्यांच्या आधी कचेरीतून निघताना, तुमच्या आधी जातोय, माफ करा, अशा अर्थाने तो म्हणायचा असतो. "हा शब्द मला फार आवडतो," ते गंभीरपणे म्हणाले, "कारण तो म्हणायची संधी मला वर्षातून दोनदाच मिळते." मी हसले. साहेबांनी 'कर्तव्य' असे लिहिले.

मी एकदा धीर करून म्हटले, "सर, पण ते असं म्हणाले नाहीत."

"बाई, तुम्ही ऐकता फार," साहेब म्हणाले. "संशोधकानं ऐकायचं नसतं, क्लासिफाय करायचं असतं. वय कळलं की माणूस कळला."

हे वाक्य ते आठवड्यातून चारदा तरी म्हणत. एरवी हा मनुष्य दुष्ट नव्हता, एवढे श्रेय दिले पाहिजे. पावसात शेवटचा विद्यार्थी ट्राममध्ये चढेपर्यंत ते छत्री धरून उभे राहत. फक्त त्या छत्रीखाली कोण उभे आहे, हे पाहण्याची त्यांना गरज वाटत नसे.

आणि माझे काय? त्यांची सगळी असत्ये सुवाच्य अक्षरात, वर्गाच्या मेळाव्यात वाचायच्या कार्डांवर, मीच उतरवीत होते. खरी उत्तरे माझ्या वहीत नोंदवून ठेवत होते, पण वही पिशवीत आणि पिशवी टेबलाखाली. ज्याचा तिरस्कार करावा त्याच्याच हाताखाली नेटकेपणाने काम करणे, याला काय म्हणतात ते मला माहीत होते.

शेवटच्या गटात हायाशीबाई होत्या. वय एकोणऐंशी. पती वारल्यावर मुलाने त्यांना जपानहून इथे आणले होते. सून इंग्रज, घरात बोलणे सारे इंग्रजी. बाईंना पदार्थ आवडे कस्टर्ड, पिवळे आणि गरम. शब्द सांगण्याआधी त्यांनी विचारले, "ही उत्तरं सगळ्यांसमोर वाचणार ना? माझा मुलगा येणार आहे."

"वाचणार," मी म्हणाले.

मग त्यांनी 'ओकाएरी' हा शब्द सांगितला. बाहेरून घरी आलेल्या माणसाला घरातली माणसे हा शब्द म्हणतात: आलात, या. "लहान असताना माझा मुलगा स्वयंपाकघरातून ओरडून म्हणायचा," बाई म्हणाल्या. "आता मी घरी येते तेव्हा सगळे घरात असतात, पण कोणी म्हणत नाही. असं मागून कसं घ्यायचं? तुम्ही वाचलंत तर त्याला कळेल." त्यांनी मान लववली. मीही लववली.

साहेबांनी काय लिहिले असेल, हे वाचकांनी ओळखलेच असेल. मिसोचे सूप, आणि 'गामान', म्हणजे सहनशीलता. मी विरोध केला, बाईंची विनंती सांगितली. ते म्हणाले, "एका बाईच्या घरगुती तक्रारीसाठी ग्रुप बिघडवायचा का? आणि तुमचं पत्र टाइप करून ठेवलंय हो, उद्या फक्त सही करायची." मी कार्ड लिहिले.

दुसऱ्या दिवशी वर्गाचा वार्षिक मेळावा होता. खोली भरली होती. साहेबांनी एकेक कार्ड आवाज चढवून वाचले. केन्जीने बर्गर निमूटपणे ऐकून घेतला. मोरीसाहेबांनी स्वतःच्या कर्तव्यावर सौम्यपणे टाळ्या वाजवल्या. मग हायाशीबाई. "आवडता शब्द, सहनशीलता!" बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या शेजारी बसलेला त्यांचा मुलगा समाधानाने हसला आणि बायकोला म्हणाला, "आई अगदी अशीच आहे. कधी काही मागत नाही."

ते हसू मला पाहवले नाही. मी वही काढली आणि उभी राहिले.

"माफ करा. हे कार्ड मी चुकीचं लिहिलंय," मी इंग्रजीत म्हणाले.

"बाई, बसा खाली," साहेब मराठीत पुटपुटले. चेहऱ्यावर हसू कायम.

"बसते, सर. एवढं वाचून बसते." आणि मी हायाशीबाईंची सर्व वाक्ये, कस्टर्डपासून स्वयंपाकघरापर्यंत, जशीच्या तशी वाचली. प्रकट वाचन मी चौदा वर्षे शिकवले होते. बाई मांडीवरच्या हातांकडे पाहत होत्या. मुलगा आता हसत नव्हता.

माझे पत्र साहेबांनी दिले. न देण्याचा कोतेपणा त्यांनी केला नाही. फक्त ते पुन्हा टाइप केले. त्यात दोन वाक्ये होती: हस्ताक्षर उत्तम, सूचना पाळण्यात अडचण. शाळेने दुसरी बाई घेतली. पुढे मला दुसरीकडे काम मिळाले, पण त्याला दीड वर्ष लागले, आणि त्या दीड वर्षातल्या प्रत्येक सोमवारी मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

परंतु त्या संध्याकाळचे थोडे सांगायचे राहिले. मेळावा संपल्यावर मी उघड्या खिडकीशी उभी होते. साहेब खुर्च्या मोजत माझ्यामागे येऊन थांबले. खाली फुटपाथवर हायाशीबाईंच्या मुलाने गाडीचे दार उघडून धरले होते. बाई बसायला वाकल्या, तेवढ्यात तो घाईने, चाचरत, शाळेत उभे केलेल्या मुलासारखा म्हणाला, "ओकाएरी."

बाई तशाच थांबल्या. मग त्याच्या कोटाची बाही चिमटीत धरून त्या इंग्रजीत म्हणाल्या, "इथे नाही रे. घरी पोचल्यावर."

"काय म्हणाला तो?" साहेबांनी मला विचारले. त्यांच्या हातात पेन्सिल होती.

मी त्यांना सांगितले नाही.