फळीला बांधलेले पाय

मंडळी, या सदरातले गूढ अनुभव वाचून खाली 'गॅस गिझर तपासून घ्या, त्याच्या वायूने भास होतात' अशी कॉमेंट टाकणारा आगाऊ माणूस मीच. दोघा-तिघांना तर मी झोपेचं शास्त्रही समजावून सांगितलंय. त्या सगळ्यांची आधी माफी मागतो. आज लिहायची पाळी माझ्यावर आली आहे, आणि माझ्या बाबतीत गिझर नव्हता.

आमचं गाव बीबी, लोणार तालुका. घरात अंगारा-धुपारा कधी आला नाही, बाबांनी येऊच दिला नाही. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की ते म्हणायचे, "आधी त्याले जेवाले द्या, उपाशी असन." हे सगळं लिहितोय ते या माणसाबद्दल, म्हणून जास्तच अवघड जातंय. आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरी बाबा आणि माझी धाकटी बहीण सुजाता. ती गावातच शिकवते. मी जर्मनीत, म्युनिकला, कॉम्प्युटरच्या नोकरीत.

मागच्या वर्षी सोयाबीन निघाल्यावर बाबांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं. मी धावत आलो, दहा दिवस राहिलो. निघताना त्यांचा चांगला हात धरून सांगितलं, डिसेंबरात येतो, जास्त दिवस येतो. त्यांनी मान हलवली.

आता खरं सांगतो. डिसेंबरात माझा प्रोजेक्ट संपला आणि पुढचा एप्रिलमध्ये सुरू होणार होता. कंपनीने बिनपगारी सुट्टी दिली — तीन महिने, पूर्ण मोकळे. मी घरी फोन करून सांगितलं की काम डोक्यावरून चाललंय, सुट्टी नाही. आणि बॅग भरून ऑस्ट्रियातल्या एका डोंगराळ गावात स्नोबोर्डिंग, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरणं, शिकायला गेलो, सबंध सीझनसाठी.

का केलं असं? या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक म्हणजे शाळेपासून आजवर मी स्वतःसाठी म्हणून काही केलेलंच नव्हतं. शिक्षण, नोकरी, घर, आईचं दवाखान्याचं... एक हिवाळा आपला असावा असं वाटलं. दुसरं उत्तर लिहायला लाज वाटते. त्या खोलीतला तेलाचा न् औषधांचा वास, बाबांचं अंग पुसणं, त्यांचं ते माझ्याकडे नुसतं बघत राहणं... दहा दिवसांत माझी हिंमत संपली होती. सुजाता ते रोज करत होती आणि मी पळालो.

डोंगराच्या पायथ्याशी एका घरात मी खोली घेतली. सोबत यान नावाचा मुलगा होता, तिथेच चेअरलिफ्टवर कामाला. चेअरलिफ्ट म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणारा झुलता बाक. पहिले चार दिवस मी फक्त पडलो. बसताना उशी लागायची. पण पाचव्या दिवशी जमायला लागलं, आणि यान म्हणाला, तू आधी कुठे शिकलायस का?

शिकलो होतो... बीबीत. लहानपणी पेरणीच्या आधी बाबा मला वखरावर उभं करायचे. वखराचं पातं जमिनीत रुतायला वर वजन लागतं, ते वजन मी. बैल चालले की लाकूड डुगडुगायचं, मग बैलांकडे एक खांदा करून आडवं उभं राहायचं, गुडघे ढिले सोडायचे. स्नोबोर्डवर हुबेहूब तसंच उभं राहतात. फरक एकच. वखरावर पाय अडकवायचा नाही ही बाबांची सक्त ताकीद, कारण बैल बिचकला तर उडी मारता आली पाहिजे. स्नोबोर्डवर दोन्ही पाय बुटांसकट फळीला पट्ट्यांनी आवळून बांधतात. पहिल्यांदा बांधले तेव्हा माझा जीव घाबरला होता.

यातलं एक अक्षर मी घरी बोललो नव्हतो. फोटो कुठेही टाकला नव्हता. व्हिडिओ कॉल करायचा तर खोलीत येऊन, पाठीमागे कोरी भिंत घेऊन, ऑफिसचा शर्ट घालून. एवढी तयारी मी नोकरीच्या मुलाखतीलाही केली नव्हती.

जानेवारीत एक दिवस चेअरलिफ्टवर बसलो असताना सुजाताचा व्हॉइस मेसेज आला. ती म्हणत होती, "दादा, बाबाची बडबड वाढून राह्यली. डॉक्टरले ऐकवाले रेकॉर्ड केलं, तूबी ऐक." मग बाबांचा आवाज. जड, अडखळत, पण शब्द कळत होते.

"पाय... दोन्ही पाय फळीले बांधेल हायेत त्याचे. कोणं बांधले? सोडा म्हणा... पडला तं उडी कशी मारन?"

सुजाता विचारतेय, "कोणाचे पाय, बाबा?"

"दादाचे. पांढऱ्या ढेकळात हाये तो."

माझे पाय तेव्हा हवेत लोंबकळत होते आणि लिफ्टवर एक पाय सोडतात म्हणून फक्त डाव्या पायाला फळी बांधलेली होती. वर पोचल्यावर उतरायचं भान राहिलं नाही, माणसांनी लिफ्ट थांबवून मला बाजूला ओढलं. मी बर्फात बसून तो मेसेज परत ऐकला. संध्याकाळी सुजाताला लिहिलं, "टीव्हीवर काही पाहिलं असेल त्यांनी, काळजी करू नको." तिने उत्तर दिलं, "टीव्ही बंद पडेल हाये दिवाळीपासून."

खरं तर त्याच दिवशी विमानाचं तिकीट काढायला हवं होतं. मला कळलं होतं, मंडळी. कसं ते नव्हतं कळलं, पण बाबांना मी दिसतोय हे कळलं होतं. आणि ज्याचा बाप इतक्या लांबून आपल्या पायांची काळजी करतोय त्याने काय करावं, हे कुणी सांगायची गरज नसते. मी काय केलं? व्हिडिओ कॉल बंद केले. नेटवर्क नाही म्हणून सांगितलं. बाबांची नजर समोर आली तर तोंडातून खरं निघेल, ही भीती होती. सुजाताचे व्हॉइस मेसेज येत राहिले आणि मी ते न ऐकताच तिला लिहायचो — 'ऐकलं, काळजी घे.' ऐकायची हिंमतच होत नव्हती. सकाळी उठून फळी उचलायची, डोंगरावर जायचं आणि दिवसभर वरून खाली, वरून खाली करत राहायचं. वाऱ्यात काही आठवत नाही, हा त्या खेळाचा मोठा फायदा आहे.

मधे एकदाच फोनवर बोललो. बाबांनी विचारलं, "कवा येतं?" मी म्हणालो, "काम संपलं की येतो." ते म्हणाले, "बरं." तेवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये सकाळी सुजाताचा फोन आला. "बाबा गेले. येऊन जाय." मी मुंबईला उतरलो, जालन्यापर्यंत रेल्वेने आलो, तिथून गाडी करून बीबी. पोचलो तोवर तिसरा दिवस होता. अग्नी चुलतभावाने दिला होता. दारात चपला होत्या, आत आजूबाजूच्या बाया बसलेल्या. सुजाता मला बघून उठली नाही. माणसं उठून गेल्यावर तिने एकच विचारलं.

"मी पाठवेल मेसेज ऐकला होता ना तू? शेवटचा?"

मी म्हणालो, "हो."

"ऐकूनबी नाई आला मंग."

ती स्वयंपाकघरात निघून गेली. दुपारी गच्चीवर जाऊन मी फोन उघडला. चौदा मेसेज न ऐकलेले होते. पहिल्यापासून ऐकायला बसलो.

माझ्या लिफ्टच्या सीझन पासच्या ॲपमध्ये प्रत्येक फेरीची नोंद असते, कोणत्या लिफ्टवर किती वाजता चढलो त्याची. मी इंजिनिअर माणूस, डोकं त्याच वाटेने गेलं. बाबांच्या आवाजावर तारीख-वेळ होती, माझ्या फेऱ्यांवर होती, मधला साडेचार तासांचा फरक मी धरला. एका मेसेजमध्ये बाबा म्हणतात, "पडला. हात टेकला. डावा... उठला, उठला." त्या दिवशी त्याच सुमाराला माझं डावं मनगट मुरगळलं होतं. पट्टी मीच बांधली होती. घरी सोडा, यानलाही मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणखी एकात म्हणतात, "धुकं झालं, आता दिसत नाई." ॲपमध्ये त्या दुपारी दोन तास एकही फेरी नाही, कारण ढग खाली उतरल्याने लिफ्ट बंद ठेवल्या होत्या. चौदापैकी पाच मेसेजमध्ये काही अर्थ लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. तीनमध्ये ते आईशी बोलतायत. पण बाकीचे सहा जुळतात.

शेवटचा मेसेज बाबा जायच्या बारा दिवस आधीचा. तो मी आता न ऐकता लिहू शकतो.

सुजाता म्हणते, "बाबा, मी बलावतेच त्याले. सुट्टी नसन तरी येईन तो."

बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर चाललाय, तो ऐकू येतो. मग बाबा म्हणतात, "सुट्टी हाये त्याले."

"मंग काऊन नाई येत?"

"हासून राह्यला वं तो. लय दिसानं हासला." पुन्हा ट्रॅक्टर. मग, "राहू दे त्याले."

त्यापुढे सुजाताचाच आवाज आहे, माझ्यासाठी. "दादा, बाबा काय म्हणून राह्यले ते ऐक. मी तं काई समजत नाई. पण तुले येता येत असन तं ये. ते नाई म्हणतात, पण दाराकडं पाह्यतात."

मी ॲप उघडून ती तारीख काढली. त्या दिवशी यानने माझा एक व्हिडिओ घेतला होता, दहा-बारा सेकंदांचा. डोंगराच्या वरच्या टोकापासून न पडता पहिल्यांदाच खाली येत होतो मी. तोंड दिसत नाही, चष्मा न् टोपी आहे. पण आवाज आहे. मोठ्याने, वेड्यासारखा हसतोय.

खाली जाऊन मी सुजाताला आधी खरं सांगितलं. सुट्टी होती, मी बर्फात खेळत होतो, आणि तुझे मेसेज ऐकले नव्हते. मग व्हिडिओ दाखवला. तिने फोन हातात घेतला, दोनदा पाहिला. पायांपाशी थांबवून मोठं करून पाहिलं. मला वाटलं आता ही ओरडेल, रडेल. तिने फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "एवढे दिवस मी समजत होती की बाबाचं डोकं गेलं. मी त्याईले गप्प राहा म्हणत होती रे." आणि मग ती रडली. माझ्यावर चिडली असती तर मी सहन केलं असतं, पण हे मला अजूनही सहन होत नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या शोकसभेच्या, दिवशी लोक बाबांबद्दल चांगलं चांगलं बोलले. मला बोलायला उभं केलं, मी दोन वाक्यं बोलून बसलो. सुजाता आता फोन उचलते, काय जेवला विचारते, पण पहिल्यासारखं बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

हे सगळं मी एका मेंदूच्या डॉक्टर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, लकव्यानंतर भास होतात, त्यातले जुळणारे आपण लक्षात ठेवतो. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण फळी, मनगट, बंद लिफ्ट, ते हसणं... आणि सुट्टी हाये हे त्यांना कोणी सांगितलं? माझ्याशिवाय ते इकडे कुणालाच माहीत नव्हतं. खाली कुणी मला गिझर तपासायला सांगितलं तर मी वाद घालणार नाही.

मला फक्त तो शेवटचा मेसेज कळतो. बाबांना मी हवा होतो, त्यांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि राहू दे म्हणाले. मी राहिलो, आणखी बारा दिवस. रोज सकाळी फळी उचलून डोंगरावर जात होतो.