तोंड पाण्यात

ज्या टेम्पोतून माझा संसार गावाहून शहरात आला, त्यातून आदल्या दिवशी शेळ्या गेल्या होत्या. नवऱ्याला चिकलठाण्याच्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि मी लेंड्यांवर अंथरलेल्या गोणपाटावर पदर नाकाला लावून बसले होते. निरोप द्यायला माहेराहून आलेली आई रडायचं सोडून माझ्या नाकाकडेच बघत होती. "तिथं जाऊन नाक मुरडत बसू नको," ती म्हणाली. "संसाराला वास असतोच." टेम्पो हलला तेव्हा मला रडू नाही, उमासे आले.

तुम्ही जे गावात राहिलात आणि माझ्यासारखे जे निघालात, त्या सगळ्यांना माझी किळस ठाऊक आहे. दुधावरची साय, कुणाचा उष्टा पेला, मोरीत अडकलेला केस, यातलं काहीच मला लहानपणापासून सोसत नाही. माहेरच्या विहिरीत माझे दोघे भाऊ पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून पोहायला शिकले. डबा तरंगतो आणि पोराला बुडू देत नाही. आमच्याकडे सगळे असेच शिकतात. सगळे म्हणजे मुलगे. मी काठावर बसून त्यांच्या चड्ड्या पिळायची. "बाईच्या जातीनं काठावरच ऱ्हावं," आई म्हणायची. मला ते बरंही वाटायचं, कारण भाऊ त्याच पाण्यात थुंकायचे. आणि तरी मला उतरायचं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच पोटात कशा मावत होत्या, कोण जाणे.

शहरात मुकुंदवाडीत राहायला आलो आणि पाणी दिसेनासंच झालं. पुढं शहराचं नाव बदललं, पण नळाचा वार काही ठरला नाही. आठवड्यातून कधीतरी येतं, आधी गढूळ, मग गंजाच्या रंगाचं. ड्रम, बादल्या, पातेली भरून ठेवायची, आणि त्यात अळ्या वळवळायला लागल्या की फडक्यानं गाळून वापरायचं. जिन्याच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. खिडकी लावली तरी नाला घरात असतोच. गावाकडून फोन आला की मी सांगते, इथं सगळं छान आहे. धादांत खोटं. मला या शहराची किळस येते, आणि गावी गेले की तिथलीही येते.

पन्नाशी आली, मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली. सकाळ एकदम रिकामी झाली. नात्यातल्या बायका आनंदी कसं राहावं याचे व्हिडिओ पाठवू लागल्या. त्यातल्या गुळगुळीत आवाजानं अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. त्याच वैतागात मी ठरवलं, की जलतरण तलावात जायचं आणि तोंड पाण्यात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहायचं. दुसरं काही नको होतं.

पोहायचा पोशाख घ्यायला गुलमंडीच्या बाजारात गेले. दुकानदारानं विचारलं, "बेटी के वास्ते?" म्हटलं, "मेरे वास्ते." त्यानं माझ्याकडे न बघता सगळ्यात काळा, सगळ्यात लांब पोशाख काढून दिला.

तलावाचं पाणी निळं दिसत होतं. जवळ गेले तर त्यात जखमेची पट्टी तरंगत होती आणि एक बाई चूळ भरून तिथंच टाकत होती. घरी अंघोळीला बादलीभर पाणी मिळण्याची मारामार, आणि मी इतरांच्या अंघोळीत उतरायला आले होते. पहिल्या दिवशी हनुवटी ओली झाली तशी धावत न्हाणीघरात जाऊन ओकले. शिकवणाऱ्या शबानाताई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कल फिर आना."

मी गेले. रोज जात राहिले. हनुवटी झाली, मग ओठ, मग नाक, मग मिटलेले डोळे. रोज ओकारी दाबायची आणि कालच्यापेक्षा थोडं जास्त खाली जायचं. हातपाय चालायला लागल्यावर एक विचित्रच प्रकार सुरू झाला. मी सरळ जातच नव्हते. भिंतीच्या कडेनं वळायची. "ताई, गोल गोल कायको?" शबानाताई हसायच्या. मी पोहणं बघितलं होतं ते विहिरीतलं, आणि विहिरीत सगळे भिंतीच्या कडेनं गोलच जातात. काठावर बसून माझ्या अंगात तेच वळण भरलं होतं.

ते वळण मोडायला किळस दाबण्यापेक्षा जास्त दिवस लागले. एका सकाळी समोर हात केला आणि पलीकडची फरशी बोटांना लागली. पाण्याला क्लोरिनचा आणि माणसांचा वास येत होता. मला खूप आनंद झाला. किळस गेली होती असं नाही, ती तिथंच होती. त्या दिवशी रिक्षात बसून मी खुळ्यासारखी हसत घरी आले.

या उन्हाळ्यात माहेरी गेले. भावांनी बोअर घेतल्यापासून विहिरीकडे कुणी फिरकत नाही. पाण्यावर शेवाळ होतं, मेलेला सरडा होता. तो काठीनं बाजूला केला, साडीचा पदर खोचून पायऱ्या उतरले आणि तोंड पाण्यात घालून समोरच्या भिंतीपर्यंत सरळ गेले. परत आले तेव्हा आई खालच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसली होती.

"वास येत नाय?" तिनं विचारलं.

"येतो."

"मग किळस नाय आली?"

"आली की."

तिनं पायानं शेवाळ बाजूला सारलं. घर कुठलं, असं मला शहरातही विचारतात आणि गावातही. मी नाक मुरडत का होईना जिथं उतरते, ते माझं घर. याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

"माळ्यावर तो डबा असंल बघ अजून," आई म्हणाली.

"कशाला?"

"बांध माझ्या पाठीला."

माळ्यावरून काढून आणलेला डबा गंजला होता, पण भोक पडलेलं नव्हतं. वर उंदराच्या लेंड्या होत्या. मी नाक मुरडलं, त्या पदरानंच पुसल्या, आणि आईच्या पाठीला दोर आवळायला घेतला.